तेलीबांधा : काठ सजला, पुढे काय?

नागपूरहून येणारा जी. ई. रोड रायपूर शहर ओलांडताना तेलीबांधा तलावाजवळून जातो. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, रायपूर राजधानी झाले आणि या भागातील जमिनीचे मोल वाढले.

तलावाकाठी तेव्हा दाट झोपडपट्टी होती. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानांतर्गत येथील अनेक कुटुंबांना तलावालगतच बहुमजली घरे देण्यात आली. मोकळा झालेला काठ आज 'मरीन ड्राइव्ह' म्हणून ओळखला जातो. २०१६ मध्ये तेथे ८२ मीटर उंचीवर राष्ट्रध्वज फडकला. धमतरीकडे जाणाऱ्या जुन्या नॅरोगेज मार्गाच्या जागी आता द्रुतगती मार्ग आहे.

शहरांच्या सुशोभीकरणात गरिबांची रवानगी बहुधा वेशीबाहेर होते आणि घर मिळाले तरी रोजगार दुरावतो. तेलीबांध्यात पुनर्वसन जवळच झाले, हे या प्रकल्पाचे खरे वैशिष्ट्य होय. मात्र घरांचे हस्तांतरण म्हणजे पुनर्वसनाची सांगता नव्हे. इमारतींची देखभाल आणि तलावात येणाऱ्या सांडपाण्याचा बंदोबस्त यांवरच या प्रयोगाचे यश अवलंबून राहील.