गाडी बँकेची, माल रामाचा

पिकअपसाठी कर्ज काढणाऱ्या माणसाला आम्ही बँकवाले किती बांधून ठेवतो, हे ज्याने काढले त्यालाच ठाऊक! आर.सी.वर बँकेचा बोजा, वर जामीनदार, विम्याची प्रत आणि हात दुखेपर्यंत सह्या. गाडी हातची सुटता कामा नये! तीच गाडी पुढे कर्जतला कुणाच्या तरी फार्महाऊसची टाकी, लोखंडी गेट आणि फरशी हौद्यात घालून खोपोलीकडे निघते, तेव्हा त्या मालाला काय बांधलेले असते? सुतळी! तीही पेंढ्याच्या भाऱ्याची सोडलेली.

माझे म्हणणे साधे आहे. हौद्याच्या तळाला सहा भक्कम कड्या असल्याशिवाय पिकअपला कर्जच देऊ नये. साहेबांना तसे सांगितले. साहेबांनी चहा मागवला.

ड्रायव्हर मंडळींचे उत्तर ठरलेले. "हूक आहेत की, साहेब!" असतात ना. फाळक्याच्या बाहेरून, बोटाएवढ्या सळीचे. ते ताडपत्रीसाठी. त्यांना गेट बांधणे म्हणजे पंचा वाळवायच्या दोरीला पाळणा टांगणे.

दुसरे उत्तर, "माल जड आहे, हलतोय कुठे?" इथे माझी बी.कॉम. कामाला येते. युरोपात माल बांधण्याच्या नियमांत हिशेब असा धरतात : करकचून ब्रेक लागला तर माल वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे रेटतो, वळणावर ५० टक्के जोराने बाजूला. म्हणजे ५०० किलोची फरशी ४०० किलोच्या जोराने ड्रायव्हरच्या पाठीशी उभी राहते! तळाच्या घर्षणाची थोडी सूट मिळते. पण आपल्याकडच्या पावसात पत्रा ओला झाला, की सूट कमी. बोरघाट उतरताना जडपणा व्याजासकट वसूल होतो.

बरे, कडी नुसत्या पत्र्याला डकवू नये. पत्रा कागदासारखा फाटतो. हौद्याखालच्या आडव्या चॅनेलला धरावी, खालून जाड पट्टी देऊन बोल्टने आवळावी. चार कोपऱ्यांत चार, मधे दोन. मधे कशाला? तर दोर जितका उभा, तितका माल तळाला दाबतो. तळाशी ३० अंशांत ताणलेला दोर आपल्या ताणाच्या निम्म्यानेच खाली दाबतो, बाकी देखावा.

"काय होतंय?" हे तिसरे उत्तर. त्याचा मला खरा राग आहे. २०१९च्या दुरुस्तीपासून हद्दीबाहेर डोकावणाऱ्या मालाला २०,००० रुपये दंड आहे. दंड भरता येतो हो! पण मागून मोटारसायकलवर डबा घेऊन खालापूरच्या कारखान्यात निघालेल्या पोराचे काय? त्याच्या डोक्याला कोण जामीन राहणार?

गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, असे आपण हसून म्हणतो. पण तो वंगणाचा नळा यात्रेला पोचला, कारण कुणा अडाणी गाडीवानाने तो गाड्याला नीट बांधला होता. सुटा नळा घाटात कुठे पोचतो, ते विमावाल्यांना विचारा.