डॉक्टर होणाऱ्या मुलीने एकटं राहावं की कुणाबरोबर?



नीटचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की आपल्या घराघरांत एक चर्चा हमखास सुरू होते. मुलीला दूरच्या गावी एमबीबीएसला प्रवेश मिळालाय, तर तिला वेगळी खोली करून द्यायची की कुणाबरोबर ठेवायची? यंदा हा प्रश्न आमच्याच घरात आला. पुतणीसाठी जाऊबाईंनी वन बीएचके बघायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, "तिचं ती रांधून खाईल, धर्म तरी सांभाळला जाईल." पुतणीलाही बेत पसंत आहे, पण कारण वेगळं. तिला अभ्यासात कुणाची कटकट नको आहे.

दोघींचा हेतू चांगला आहे. तरीही माझं मत असं की पहिली दोन वर्षं तरी मुलीने कुणाबरोबर राहावं. कमी भाड्यासाठी नाही. ती सकाळी उठली नाही तर ते कुणाच्या तरी लक्षात यावं, यासाठी.

एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तीन मोठे विषय. बारावीपर्यंत वर्गात कायम पहिली येणारी मुलगी इथे अचानक मधल्या रांगेत जाते, कारण शेजारच्या बाकावर बसलेली प्रत्येक जण आपापल्या वर्गात पहिलीच आलेली असते. डिसेक्शन हॉलमध्ये आयुष्यात पहिल्यांदा मृतदेहाला हात लावायचा, फॉर्मॅलिनचा वास केसांत घेऊन खोलीवर यायचं. त्या दिवशी आईला फोनवर काय सांगणार? "जेवलीस का?" "हो." एवढंच होतं. पण त्याच हॉलमधून आलेली दुसरी मुलगी समोरच्या पलंगावर बसलेली असेल, तर न सांगता निम्मं कळतं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल 2024 मध्ये आला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत पदवीच्या 25,590 विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यांतल्या 27.8 टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं आणि 16.2 टक्के मुलांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं कबूल केलं. एकटेपणा नेहमी किंवा वारंवार जाणवतो म्हणणारे 35 टक्के होते. स्वतःहून उत्तर देणाऱ्यांची ही पाहणी आहे, त्यामुळे प्रत्येक कॉलेजात हेच प्रमाण असेल असं नाही. पण मुलीसाठी कुलूपबंद फ्लॅट शोधणाऱ्या आईने हे आकडे एकदा नक्की वाचावेत.

शरीराच्या दुखण्याचंही तेच. आमच्या नात्यातल्या एका मुलीला दुसऱ्या वर्षात डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी ताप उतरला, म्हणून तिने घरी "आता बरी आहे" असं कळवलं. डेंग्यूत ताप उतरतानाचाच काळ धोक्याचा असू शकतो, हे तिने पुस्तकात वाचलेलं होतं. पण आजारी माणसाला स्वतःचं पुस्तक आठवत नाही. तिच्या हिरड्यांतून रक्त येतंय आणि ती उठून उभी राहू शकत नाही, हे पाहिलं रूममेटने. तिनेच रिक्षा बोलावली आणि तिला दवाखान्यात नेलं. आईवडील पोचले ते सहा तासांनी.

आता धर्माबद्दल, कारण आपल्याकडे वेगळ्या खोलीचा आग्रह बहुतेक वेळा त्यापायीच होतो. सूर्यास्ताआधी जेवण, कंदमूळ नाही, पाणी गाळून. हे नियम मुलीचे आहेत, रूममेटचे नाहीत. ते पाळायला वेगळं घर लागत नाही, वेळेचं भान लागतं. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. प्रॅक्टिकल पाचला संपलं तर हातात तास उरतो. त्या दिवसांत सकाळच्या डब्यातच दोन दशम्या जास्त ठेवाव्यात. सामायिकाला 48 मिनिटं लागतात. तेवढा वेळ शांत बस म्हटलं तर कुणीही बसते, उलट तिचाही मोबाइल तेवढा वेळ बाजूला राहतो!

आणि परंपरा काय सांगते तेही बघू या. आपले मुनी घरदार, वस्त्र, सगळं सोडतात. पण नवदीक्षिताने एकट्याने विहार करावा असं मूलाचार सांगत नाही. ती मुभा तप, ज्ञान आणि मनोबल यांत पक्व झालेल्या मुनीलाच. आर्यिकांनी तर एकमेकींच्या सोबतीनेच राहायचं असतं. आजारी साधूची सेवा, म्हणजे वैयावृत्त्य, हे सहा अंतरंग तपांपैकी एक. सेवा करायला आणि करून घ्यायला दुसरं कुणी जवळ असावं लागतं. सगळ्याचा त्याग केलेल्यांना जर संघ लागतो, तर अठरा वर्षांच्या मुलीला का लागू नये?

"मग रूममेट निदान जैनच बघू," असंही काही जणी म्हणतात. मिळाली तर उत्तमच. पण हट्ट नको. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच कुंभोजचे, जैन घरातले. त्यांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहतील असं वसतिगृह सुरू केलं आणि लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. सोवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या त्या माउलीला जे शंभर वर्षांपूर्वी जमलं, ते आपल्याला जड जायला नको. शिवाय उद्या हिच्यासमोर येणारा पेशंट कुठल्या घरातला असेल ते कुठे ठरवून येणार आहे?

मात्र जात-धर्म न विचारता काही गोष्टी पहिल्याच दिवशी विचाराव्यात. रात्री दिवा किती वाजता बंद करायचा? अभ्यास मोठ्याने वाचून की मनात? खोलीत पाहुणे चालतील का? "खोलीत मांसाहार आणि अंडं नको, बाहेर तुझी तू मोकळी" हे आधीच गोड शब्दांत सांगितलं तर पुढे भांडण होत नाही. न सांगता नाक मुरडलं तर मात्र होतं. भाड्याची खोली असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर दोघींचीही नावं असू द्यावीत, म्हणजे एक मध्येच सोडून गेली तरी दुसरी अडकत नाही.

एकटं राहणं वाईट असं मी म्हणत नाही. जिची झोप हलक्या आवाजानेही मोडते, किंवा जिला रूममेटचा खरोखर त्रास होतोय, तिने मुकाट्याने सोसू नये, खोली बदलावी. इंटर्नशिपमध्ये एकीची रात्रपाळी आणि दुसरीची दिवसाची, मग कुणाचीच झोप होत नाही. तेव्हा वेगळी खोली घ्यावीच, पण मैत्रिणी राहतात त्याच इमारतीत. तोवर मुलगीही पिकलेली असते. थकवा कुठला आणि आजार कुठला, हे तिला स्वतःचं स्वतः ओळखता येतं.

म्हणून आयांनो, खोली बघायला जाल तेव्हा ओटा कुठे आहे, नळाला पाणी किती वेळ येतं, हे जरूर बघा. पण परत निघण्याआधी समोरच्या पलंगावरच्या मुलीच्या आईचा फोन नंबर घ्या आणि आपला तिला द्या.

जय जिनेंद्र.