दहा पंचवीसचं घड्याळ

परदेशी विद्यार्थ्यांना आधुनिक इटली शिकवायची तर सुरुवात कोलोसियमपासून नको, बोलोन्याच्या रेल्वे स्टेशनापासून करावी. बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ दहा पंचवीसवर थांबवून ठेवलंय. २ ऑगस्ट १९८० रोजी, ऐन सुट्टीच्या गर्दीत, नवफॅसिस्टांच्या बॉम्बने इथे ८५ जीव घेतले. प्रतीक्षालयातली फाटलेली भिंत मुद्दाम तशीच ठेवून काच बसवली आहे; शेजारच्या फलकावर प्रत्येक नावापुढे वय. सर्वांत धाकटी मुलगी तीन वर्षांची! रुग्णवाहिका अपुऱ्या पडल्या तेव्हा ३७ नंबरच्या सिटी बसने, खिडक्यांना पांढऱ्या चादरी लावून, मृतदेह वाहिले. व्याकरण, सिनेमा, स्वयंपाक पुढे आहेच. आधी ही नावं मुलांना सावकाश, मोठ्याने वाचू द्यावीत.