आधी एसएमपीएस, मग रंगीत दिवे

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर असेंबल करायला आलेलं तरुण गिऱ्हाईक आधी कॅबिनेट बघतं. काच हवी, रंगीत दिवे हवेत. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या डब्याचा, विषय शेवटी निघतो, तोही ‘स्वस्तातला द्या’ म्हणून. गणित फसतं ते इथेच. हलका एसएमपीएस जळताना कधी कधी मदरबोर्डलाही सोबत नेतो. खोक्यावरचा ‘८० प्लस’चा शिक्का विजेची बचत सांगतो, टिकाऊपणाची हमी देत नाही.

हात आखडता असेल तर ग्राफिक्स कार्डाच्या नादी लागूच नये. रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. टॅली, अभ्यास, सिनेमे यांना ते पुरतं. फक्त रॅम १६ जीबीची एकच पट्टी न घेता ८-८ जीबीच्या दोन घ्याव्यात, नाहीतर हेच ग्राफिक्स रखडतं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर कार्डाशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. दुकानदार हे सांगेलच असं नाही!

गेम खेळणाऱ्याने वाढीव पैसा ग्राफिक्स कार्डात घालावा. व्हिडिओ एडिटिंगवाल्याने मात्र आधी रॅम आणि एसएसडी बघावी.

मदरबोर्ड घेताना सॉकेट किती वर्षं चालेल, हेही विचारावं. एएमडीच्या २०१७ च्या कित्येक एएम४ सॉकेटच्या बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसरही चालले.