रस्ता असा असेल तर...

भाचीच्या बाळंतपणाला फ्रान्सला गेले आणि येताना गुडघ्यावर सायकलवरून पडल्याचा वण घेऊन आले, असं मी सांगितलं की आमच्या महिला मंडळात आधी हशा पिकतो. मग हळूच कुणीतरी विचारतं, ‘अहो, या वयात सायकल? आणि तीही परक्या मुलखात?’ मैत्रिणींनो, त्या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

सायकल मी सातवीत शिकले. दादाच्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून. बी.ए. होईपर्यंत रोज कॉलेजला सायकलनेच जात होते. लग्न झालं आणि सायकल माहेरी राहिली. सासरी कुणी ‘चालवू नकोस’ म्हटलं नाही हो, खोटं कशाला बोलू! फक्त ‘चालव’ असंही कुणी म्हटलं नाही. पुढे स्कूटी आली आणि विषयच संपला.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढे ती लागणार आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने वर्गणी काढून जवळच्या दोन वाड्यांवरच्या मुलींना ११ सायकली दिल्या. वाडीवर शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल ५ किलोमीटरवर. वर्षभराने बघायला गेले तर ७ सायकली भिंतीला टेकून उभ्या. एकीच्या कॅरिअरवर तर कोंबडी बसलेली! मी त्या आयांना चांगलंच झापलं. ‘तुम्हीच मुलींना भित्र्या करून ठेवता’ म्हटलं. त्यातली एक तेवढी बोलली, ‘ताई, तुम्ही एकदा चालवून दाखवा की त्या रस्त्यानं.’ मला तो उद्धटपणा वाटला होता.

तर फ्रान्स. ताईला विमानप्रवास झेपणार नव्हता, म्हणून मावशी या नात्याने गेल्या वर्षी मी लिओं शहरात जाऊन राहिले. डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ, धुरी, सगळं यथासांग केलं. तिथे २०२१ पासून बापालाही २८ दिवसांची रजा मिळते. त्यामुळे जावई घरात, आणि मला स्वयंपाकघरातून हळूहळू रजा. शेजारच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, वय ६७. मी मनातल्या मनात त्यांना काकूच म्हणत असे. त्यांनी एक दिवस मोडक्या इंग्रजीत विचारलं, ‘तुला सायकल येते का?’ माझंही इंग्रजी मोडकंच. म्हटलं, ‘यायची.’ भाची म्हणाली, ‘मावशी, जाच तू. तीन दिवस आम्ही सांभाळतो.’

बरगंडी म्हणून तिथला एक भाग आहे, द्राक्षमळ्यांचा. लोकल रेल्वेत सायकली चढवून आम्ही शालों नावाच्या गावी उतरलो. तिथून जवळच्या जिव्रीपासून क्लुनीपर्यंत ४४ किलोमीटरची ‘व्वा व्हेर्त’ आहे, म्हणजे हिरवी वाट. पूर्वी ही रेल्वेची लाइन होती. रेल्वे बंद पडली, रूळ काढले आणि १९९७ मध्ये त्या जागेवर गुळगुळीत रस्ता करून तो फक्त सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी खुला केला. फ्रान्समधली ही अशी पहिली वाट. आता तर लुआर नदीच्या काठाने ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. रेल्वेची लाइन असल्यामुळे मोठा चढ कुठेच नाही. गुडघ्यांना ते बरोबर कळतं! जुनी स्टेशनं अजून जागच्या जागी उभी आहेत.

पहिला तासभर मी नुसती घाबरलेली होते. ओढणी कमरेला करकचून बांधलेली, हँडल घट्ट धरलेलं. काकूंचं लक्ष माझ्या सलवारीकडे गेलं आणि त्यांनी एक गंमत सांगितली. सन १८०० मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला होता की बाईला पँट घालायची असेल तर तिने पोलिसांची परवानगी काढावी. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सवलत मिळाली. कसली? तर बाईच्या हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर पँट चालेल! तो हुकूम रद्दबातल झाल्याचं सरकारने जाहीर केलं ते थेट २०१३ मध्ये. मी इतकी हसले की हँडल आपोआप सैल झालं. आपल्यालाच कायम ‘बरं दिसतं का ते’ ऐकावं लागतं असं नाही तर.

रस्त्यावर कोण होतं म्हणाल, तर बायका. दप्तर लावून एकट्या निघालेल्या शाळकरी मुली, सायकलमागच्या छोट्या गाडीत मूल बसवलेल्या आया, आणि काकूंच्या वयाच्या तर कितीतरी. कुणाच्याही अंगावर ‘मी बघा किती धीट’ असा भाव नव्हता. भाजी आणायला निघाव्यात तशा निघालेल्या.

बुसी, सँ-जांगू, कोर्मातँ अशी गावं लागतात. पिवळसर दगडाची घरं, अरुंद गल्ल्या. कोर्मातँला सतराव्या शतकातला एक वाडा आहे, तो बघून घेतला. पण मला जास्त आवडलं ते एका खेड्यातलं ‘लाव्हवार’, म्हणजे गावाचं धुणं धुवायचं ठिकाण. वर कौलांचं छप्पर, मधे दगडी हौद, त्यात झऱ्याचं पाणी सारखं वाहतंय, आणि कडेने कपडे घासायला उतरते दगड. बायका लाकडी खोक्यात गवत घालून त्यात गुडघे टेकून बसायच्या. म्हणजे खोकं कशासाठी, तर गुडघे ओले होऊ नयेत, एवढीच चैन. काकूंची आजी थंडीतही असंच धुणं धूत असे. मी तिथे बराच वेळ बसून राहिले. घाटावर धुणं धुताना माझ्या आईच्या हाताला पडलेल्या भेगा आठवल्या. काकू म्हणाल्या, ‘गावातली सगळी बातमी इथे कळायची. घरी वॉशिंग मशिन आलं आणि बायका सुटल्या. पण एकमेकींना भेटायच्याही थांबल्या.’

ही गावं सुंदर आहेत, पण खरं सांगायचं तर जरा उदासही आहेत. भर दुपारी खिडक्या बंद. दुकान एखादं, तेही १२ वाजता बंद होतं, आणि सोमवारी तर पाववाल्याचंही दार बंद. तरुण मंडळी शहरात गेलेली. रेल्वे गेली तेव्हा गावातल्या म्हातारीची बाजारची सोयही गेली, हे विसरून नुसतं ‘वा, काय शांतता’ म्हणणं मला काही जमलं नाही. आपल्याकडेही ओस पडलेले वाडे कमी आहेत का?

पोटाची काळजी मी घरूनच घेऊन गेले होते. लांबुडका पाव आणि शेंगदाण्याची चटणी. शाकाहारी माणसाचे तिथे हाल, असं मी म्हटलं, तर काकू म्हणाल्या की फ्रान्समध्ये सायकलवरून गावोगाव हिंडण्याचं वेड ज्यांनी लावलं ते पॉल द व्हिव्ही स्वतः शाकाहारी होते. १९३० मध्ये वारले. त्यांचा सल्ला असा की भूक लागायची वाट न बघता खावं, तहानेची वाट न बघता प्यावं. पिण्याचं पाणी मात्र कुठे भरायचं, माहीत आहे? स्मशानात! प्रत्येक गावाच्या कब्रस्तानात नळ असतो आणि सायकलवाले तिथेच बाटल्या भरून घेतात. पहिल्या दिवशी माझा हातच पुढे होईना. दुसऱ्या दिवशी मीच आधी आत शिरले. (नळावर पाणी पिऊ नये अशी पाटी नाही ना, तेवढं बघायचं.)

पडले ती वाटेवर नाही, एका खेड्यात वळल्यावर. सवयीने डावीकडून चालवत होते आणि तिथे वाहनं उजवीकडून. समोर गाडी दिसताच घाबरून स्वतःच कोलमडले. गाडी कितीतरी लांब थांबली होती. गावाबाहेर सायकलला ओलांडताना गाडीने दीड मीटर अंतर सोडायचं, असा तिथे कायदाच आहे.

क्लुनीला एक मठ आहे, सन ९१० मध्ये स्थापन झालेला. तिथलं चर्च एके काळी ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. राज्यक्रांतीनंतर लोकांनी त्याचे दगड इमारतींसाठी काढून नेले, आता थोडासाच भाग उरला आहे. ते बघून तिसऱ्या दिवशी माकोंकडे निघालो आणि वाटेत ब्वा क्लेरचा बोगदा लागला. जुना रेल्वेचाच, सुमारे १६०० मीटर लांब. हिवाळ्यात तो वटवाघळांना त्रास नको म्हणून बंद ठेवतात. बाहेर ऊन आणि आत कापरं भरेल अशी थंडी. मी स्वेटर घालायला थांबले आणि काकू पुढे निघून गेल्या. मधोमध पोचले असेन, समोरून एक माणूस सायकलवर येताना दिसला. एकटा. दिवे मंद.

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला जे झालं ते तुम्हाला समजावून सांगायला नको. घसा कोरडा पडला, मूठ वळली, मागे फिरावं का पुढे पळावं याचा हिशेब सुरू झाला. तो ‘बोंजूर’ म्हणाला आणि निघून गेला. बाहेर उजेडात आल्यावर मी खाली बसले आणि रडले. काकूंना वाटलं पुन्हा पडले.

तो माणूस काही देवमाणूस नव्हता, साधा वाटसरू होता. तिथे बाईवर प्रसंग येतच नाहीत असंही मी म्हणणार नाही, काकूही नाही म्हणाल्या. पण तीन दिवस मी पाहत होते की मागून ट्रक येत नाही, वाट कुठे तुटत नाही, पुढेमागे माणसं दिसतात. असं असलं की साध्यासुध्या बाया आणि मुली सहज घराबाहेर पडतात. त्यासाठी कुणी झाशीची राणी व्हावं लागत नाही. मग त्या ७ सायकली आठवल्या आणि मी आयांना काय काय बोलले होते तेही. भित्र्या त्या मुली नव्हत्या. मी सायकल दिली होती, रस्ता दिला नव्हता.

परत आल्यावर जिच्या कॅरिअरवर कोंबडी होती तिचीच सायकल मागून घेतली आणि हायस्कूलकडे निघाले. हायवे, कडेला खडी, उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले. अंगाला चाटून एसटी गेली. दीड किलोमीटरवर उतरले आणि सायकल हातात धरून परत आले. त्या बाई दारातच होत्या. काही बोलल्या नाहीत, पाणी दिलं. मी त्यांची माफी मागितली.

बरगंडीत २४२ किलोमीटरचा एक कालवा आहे. त्याच्या कडेने पूर्वी माणसं आणि घोडी नावा ओढत, आता तिथून सायकली जातात. हे काकूंनी सांगितलं तेव्हाच मला आमचा पाट आठवला होता. वाडीमागून जातो तो हायस्कूलच्या मैदानापर्यंत, आणि कडेला खात्याच्या जीपसाठी कच्चा रस्ता आहे. दोन ठिकाणी बाभळी माजल्यात आणि एका ओढ्यावरची फरशी वाहून गेली आहे. बाकी सपाट. आम्ही चौघीजणी चालत जाऊन बघून आलो. बाभळी आम्ही तोडू, पण फरशी आमच्याने व्हायची नाही, आणि संध्याकाळसाठी दोन-चार दिवेही हवेत. अर्ज दिला आहे. साहेब रजेवर होते, मंगळवारी या म्हणाले. त्या कोंबडीवाल्या बाई म्हणतात, ‘मी पण येते ताई, रस्ता मीच नीट सांगीन.’