हळदोण्याचा ट्रंपेट

जॅझ म्हणजे निव्वळ गोंगाट, असे आपल्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी पुष्कळांचे मत असते. वाचकहो, ते आम्हांस मान्य नाही. १९५१ चा ‘अलबेला’ ज्यांनी पाहिला, त्यांनी त्यातील ट्रंपेट आठवून पाहावा. संगीत आपल्या चितळकर रामचंद्रांचे खरे. परंतु त्याला जॅझचा डौल देण्यात मोठा वाटा होता गोव्यातील हळदोण्याच्या अंतोनियो झेवियर वाझ यांचा. मुंबईकर त्यांस ‘चिक चॉकलेट’ म्हणत.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. अशा ताफ्यांपासून गोव्याच्या तरुणांनी ही विद्या उचलली. स्वरलिपी वाचणे ते गावच्या चर्चच्या शाळेतच शिकलेले असत. वाझ यांनी तर लुई आर्मस्ट्राँग यांची ढब अशी आत्मसात केली की, त्यांस मुंबईचे आर्मस्ट्राँग म्हणू लागले. ही उपाधी आम्हांस तितकीशी रुचत नाही. तिच्यामुळे त्यांचे स्वतःचे काम झाकले जाते.

चित्रपटातील जॅझ खरा नव्हे, असे काही जाणकार म्हणतात. जॅझचा वादक आयत्या वेळी नवी स्वररचना करतो. चित्रपटात सारे आधीच लिहिलेले. आक्षेप रास्त आहे. (विजेच्या गिटारीवरील रॉक आम्ही आवडीने ऐकतो, तेथेही हाच निकष लावतो.) परंतु ते लिहिणारे बहुधा गोव्याचेच असत आणि पडद्यावर त्यांचे नाव क्वचितच झळके, हे त्याहून अधिक खटकते. वाझ १९६७ मध्ये निवर्तले. हळदोण्यातील किती मुलांना आज ते नाव ठाऊक असेल?