सिस्टरला अर्धा तास जेवू द्या

पालकहो, शिक्षकहो आणि शाळेच्या कमिटीवरच्या मंडळींनो,

आपल्या बोरगावच्या पंचक्रोशीतल्या सरकारी शाळांत कायमची नर्स नसते. आपल्या पोरांची नर्स म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर, नाहीतर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाडीतून येणारी सिस्टर. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झाला. दोन आयुष डॉक्टर, एक नर्स आणि एक फार्मासिस्ट असं पथक ठरलं. अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची आणि शाळेतली एकदा. त्याखेरीज लस आणि जंताच्या गोळ्या असतात. सिस्टर आपल्या शाळेत मोजकेच दिवस येते आणि त्या दिवसांतही तिला सलग अर्धा तास जेवायला मिळत नाही. ते मिळवून देण्यासाठी सरकारी आदेशाची वाट बघायची गरज नाही.

दुपारची घंटा झाली की पोरं बिसियूटच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, पंगतीला बसतात, गुरुजी डबे उघडतात आणि सिस्टरचं काम नेमकं तिथून वाढतं. लोहाच्या गोळ्या उपाशीपोटी देत नाहीत, जेवण झाल्यावर द्यायच्या असतात. लहान वर्गांना गुलाबी, दहा वर्षांच्या पुढच्यांना निळी. सुट्टीत मैदानावर कुणाचा गुडघा फुटतो, कुणाच्या नाकातून रक्त येतं. त्यात गाडी आलेली बघून गावातली माणसंही येतात. सिस्टरच्या डब्यात भाकरी आणि डाळकांदा. पहिला घास तोंडात जातोय तोवर दारात कुणीतरी उभं: "सिस्टर, ह्याचा डोळा लाल दिसतोय, जरा बघा की." हात धुवायचे, डोळा बघायचा, रजिस्टरला नोंद करायची, परत हात धुवायचे. तोवर दुसरी बाई बीपी बघून घ्यायला आलेली असते. शेवटी डबा झाकून पिशवीत जातो.

ही रड फक्त आपल्याकडची नाही. न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली लिना रॉजर्स ही नर्स चार शाळांसाठी नेमली गेली, तिथून अमेरिकेत शाळेच्या नर्सची प्रथा पडली. आज तिथेही मधुमेह असलेल्या मुलांना जेवणाआधी इन्सुलिन द्यायचं असतं, त्यामुळे मुलांची जेवणाची सुट्टी हीच नर्सच्या धावपळीची वेळ ठरते.

आपल्या भागाला कामाच्या तासांचं महत्त्व शिकवायला नको. १९४८ चा कारखाना कायदा आणि विडी कामगारांसाठीचा १९६६ चा कायदा, दोन्हींत एकच गोष्ट लिहिली होती: सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवी. कायद्यातलं पदरात पाडून घ्यायचं तर निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतल्या बायकांना संघटना उभारावी लागली, हे जुन्या माणसांना आठवत असेल. त्या बायकांवर युगांतर गटाने १९८२ साली माहितीपट केला. पण त्या बायकांसमोर मालक होता. सिस्टरचा घास मोडणारा मालक नसतो. आपलंच तापलेलं पोर नाहीतर आपणच असतो. मालकाशी भांडता येतं, दारात रडत उभ्या असलेल्या पोराशी कसं भांडणार? म्हणून तिच्या वतीने आपणच बोललं पाहिजे.

कुणी म्हणेल, एक दिवस जेवण उशिरा झालं तर काय बिघडलं? बिघडतं ते आपल्या पोरांचं. गुलाबी गोळी कुणाला, निळी कुणाला, कुणाला देऊन झाली, कुणाची राहिली, हे सगळं एका डोक्यात ठेवायचं असतं. उपाशी आणि दहा वेळा हाक मारलेल्या माणसाचा हिशेब चुकतो. तिच्या अंगावरही हे निघतं. पित्त उसळतं. धड संडासाची सोय नाही म्हणून पाणी कमी प्यायचं आणि मग लघवीची जळजळ सोसायची.

आता करायचं काय, ते सांगतो.

मुख्याध्यापकांनी पथकाची तारीख कळताच सिस्टरच्या जेवणाची वेळ ठरवावी. पंगत उठून गोळ्या वाटून झाल्या की अर्धा तास. दार लावता येईल अशी खोली, हात धुवायला पाणी आणि वापरता येण्याजोगा संडास द्यावा. लसीचा दिवस असेल तर सिस्टरला विचारून वर्गांचा क्रम लावावा. गोवर-रुबेलाची कुपी एकदा तयार केली की चार तासांत वापरावी लागते, नाहीतर टाकून द्यावी लागते. २०१७ च्या फेब्रुवारीत कर्नाटकातल्या शाळाशाळांत त्याच लसीची मोहीम झाली होती, तेव्हाचं आठवून बघा. कुपी जेवणाआधी संपेल असे वर्ग बोलवा, नवी जेवणानंतरच उघडू द्या.

शिक्षकांनी किरकोळ दुखणी स्वतः बघावीत. खरचटलं तर साबण-पाण्याने धुवा. घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका, पोराला पुढे वाकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा.

पालकांनी पोराचं जुनं दुखणं आणि चालू औषधं एका चिठ्ठीवर लिहून सकाळीच द्यावीत. स्वतःचं बीपी दाखवायला उपकेंद्र आहे, ते शाळेत दाखवू नये.

जेवणातून उठवावं अशी कारणं थोडीच आहेत: बेशुद्ध पडणं, झटके येणं, श्वास लागणं, रक्त न थांबणं, साप चावणं, लसीनंतर अंगावर गांधी उठणं किंवा चक्कर येणं. अशा वेळी सिस्टरला खुशाल हाक मारा आणि लगेच १०८ ला फोन लावा. बाकी सगळं अर्धा तास थांबतं.

पुढच्या वेळी फळ्यावर तपासणीची वेळ लिहाल तेव्हा तिच्याखाली सिस्टरच्या जेवणाची वेळही लिहा. आणि त्या अर्ध्या तासात ते दार वाजवायला कुणी निघालं, तर त्याला तुम्हीच अडवा.